मुए थाई की कुन ख्मेर : उगम नेमका कोणाचा?

प्रश्न :
२०२३ साली नॉम पेन्ह येथे झालेल्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत यजमान कंबोडियाने मुए थाई या थाई मुष्टियुद्धाचे ‘मुए’ हे रूढ नाव बाजूला ठेवून ‘कुन ख्मेर’ हे आपल्याकडचे नाव लावले आणि थायलंडने त्या प्रकारात खेळाडूच उतरवले नाहीत. ठोसे, लाथा, कोपर, गुडघे दोन्हीकडे सारखेच चालतात. माझ्यासारख्या नुसत्या पाहणाऱ्याला तर फरक ओळखूही येत नाही. मग नावावरून एवढे रण का माजावे, आणि कंबोडियाच्या दाव्याला आधार कितपत आहे?

प्रतिसाद १ :
आधार म्हणून सर्वांत आधी दाखवली जातात ती अंगकोर परिसरातील शिल्पे. सातव्या जयवर्मनने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतलेल्या बायोन मंदिराच्या भिंतींवर लढाया आणि मिरवणुका आहेत, तशीच कोंबड्यांची झुंज आणि एकमेकांना भिडलेले मल्लही आहेत. अयुथया हे थाई राज्य १३५१ साली स्थापन झाले, म्हणजे ही शिल्पे त्याच्याही आधीची. तेव्हा सयामी म्हणजे थाई लोकांनी ही विद्या ख्मेरांकडूनच, म्हणजे कंबोडियनांकडूनच उचलली, असे कंबोडियाचे म्हणणे. त्यातच १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तिथली मुष्टियुद्धाची परंपरा जवळजवळ पुसली गेली आणि नेमक्या पुढच्या दशकांत मुए थाई जगभर पोहोचली. ही सल लक्षात घेतल्याशिवाय नावाचा आग्रह समजणार नाही.

प्रतिसाद २ :
सल मान्य, पण शिल्पावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दगडात दोन माणसे झुंजताना दिसली म्हणजे त्या काळी झुंज होती एवढेच ठरते. नियम कोणते, डाव कोणते, हे दगड सांगत नाही. अर्थात थायलंडची बाजूही दंतकथेवरच उभी आहे. १७६७ मध्ये अयुथया पडल्यावर ब्रह्मदेशात नेलेल्या नाई खानोम तोम या कैद्याने १७७४ साली राजा सिनब्युशिनसमोर एकामागून एक दहा ब्रह्मी मल्ल लोळवले, अशी ही कथा असून तिच्या स्मरणार्थ १७ मार्च हा दिवस पाळतात. कथा खरी धरली तरी ती पराक्रमाची आहे, उगमाची नव्हे.

आज आपण जो खेळ पाहतो त्याचा साचा तर विसाव्या शतकातला आहे. पूर्वी बँकॉकमध्येही हाताला सुती दोर गुंडाळून लढत. दोर जाऊन हातमोजे आले, चौकोनी रिंगण आणि घड्याळावर मोजलेल्या फेऱ्या आल्या, ते पाश्चात्त्य बॉक्सिंग पाहून. बँकॉकमधली या खेळाची दोन नामवंत स्टेडियमही अलीकडचीच : राजदम्नर्न १९४५ चे, लुम्पिनी १९५६ चे.

प्रश्नकर्ता :
म्हणजे भांडण इतिहासाचे नसून मालकीचे आहे, असे म्हणावे का?

प्रतिसाद २ :
बरेचसे तसेच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये मुए थाईच्या महासंघाला पूर्ण मान्यता दिली, त्यामुळे नाव बदलले की पंच, नियम आणि पदकांवरचा अधिकारही बदलतो. म्हणूनच कुन ख्मेरमध्ये उतरणाऱ्या देशांना महासंघाने कारवाईचा इशारा दिला होता. खेळाला ‘सुवर्णभूमी’शी, म्हणजे आग्नेय आशियाच्या जुन्या नावाशी, नाते सांगणारे सामाईक नाव द्यावे, अशी सूचना १९९० च्या दशकातच पुढे आली होती, पण थायलंडला ती पटली नाही. मला मात्र तीच सर्वांत शहाणपणाची वाटते.

प्रतिसाद ३ :
दोघांच्या भांडणात म्यानमार आणि लाओस विसरू नयेत. म्यानमारच्या लेथ्वे या मुष्टियुद्धात मोजे नसतात, हाताला फक्त पट्टी असते आणि डोक्याची धडकही चालते; पारंपरिक नियमांत गुणच नसल्याने शेवटपर्यंत दोघे उभे राहिले तर सामना बरोबरीत सुटतो. इतके वेगळेपण असल्यामुळे लेथ्वेच्या नावावर सहसा कोणी हक्क सांगत नाही. आणखी एक गंमत पाहावी : लढतीपूर्वी थाई मल्ल ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदन करतो, तर कंबोडियन मल्ल ‘क्रू’ला नमन करतो. दोन्ही शब्द संस्कृत ‘गुरु’चीच रूपे आहेत, मात्र तेवढ्यावरून ‘हे सारे मूळचे आपलेच’ असा तिसरा दावा कृपया येथे कोणी लावू नये.