मदत हवी आहे: सीडी फोर वाढला, पण भावाच्या मानेतली गाठही वाढली

भावाला विचारूनच लिहितेय, नाव-गाव देत नाही.

धाकटा भाऊ, वय ३४. मानेत गाठ, रोज संध्याकाळी ताप. सुईने गाठीतलं पाणी काढून तपासलं तर टीबी निघाला. लगेच रक्त तपासलं, एचआयव्हीही निघाला. सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची मोजणी, फक्त ५८. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं. ताप गेला, वजन तीन किलो वाढलं, कितीतरी दिवसांनी आई पोटभर जेवली.

एआरटीला पाच आठवडे होतात न होतात तोच गाठ लिंबाएवढी झाली, ताप पुन्हा १०२. डॉक्टरांनी परत रक्त तपासलं: व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण) खूप उतरलाय, सीडी फोर १३१. डॉक्टर म्हणाले, ‘ताकद परत येतेय म्हणून सूज आहे.’ गर्दीत यापुढे विचारता आलं नाही. दुसऱ्या एका खासगी दवाखान्यात सांगितलं, एआरटी बंद करा. तेव्हापासून भाऊ गोळ्या हातात घेऊन नुसता बसून राहतो. पेशी वाढल्या तर आजार कसा वाढतो? कुणाच्या घरी असं झालंय का?

उत्तर

ताई, मी बरीच वर्षं एआरटी सेंटरवर समुपदेशक होते. आधी एकच: त्याला एकही गोळी चुकवू देऊ नका. एआरटी बंद करायची की नाही, हे तिथले डॉक्टरच ठरवतील, आणि अशा वेळी ते बहुधा ती चालूच ठेवतात.

सीडी फोर पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडतात. त्याने मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, चेततात. एचआयव्ही नेमक्या सीडी फोरच संपवतो. मग टीबीचे जंतू भरपूर असूनही शरीर गप्प राहतं. अशा कितीतरी रुग्णांच्या थुंकीत जंतू दिसत नाहीत, एक्स-रेत पोकळी दिसत नाही. एआरटीने पेशी परतल्या की टीबी ओळखणाऱ्या पेशी गाठीत उरलेल्या जंतूंवर, मेलेल्यांवरसुद्धा, तुटून पडतात. सूज आणि ताप त्याचाच. याला आयरिस म्हणतात. बहुतेकदा एआरटीच्या पहिल्या तीन महिन्यांत होतो, सीडी फोर १००च्या खाली असलेल्यांना जास्त.

पण आयरिसच आहे असं घरी बसून धरून चालू नका. टीबी रिफॅम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देतोय ना, याचा रिपोर्ट बघायला मागा. दुसरा जंतुसंसर्ग नाही ना, तेही विचारा. गाठीत पू झाला असेल तर सुईने काढतात. त्रास फार असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) देतात, ते मनाने घ्यायचं नाही. धाप लागली, डोकं असह्य दुखू लागलं किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि त्याला डोल्युटेग्राविरची (एआरटीतलं एक औषध) दुसरी गोळी संध्याकाळी दिली आहे का? रिफॅम्पिसिनमुळे ते औषध शरीरात लवकर संपतं, म्हणून दिवसातून दोनदा लागतं. एवढं आजच बघून इथे कळवा.