टीम वर-खाली होतेय, आस कुठवर धरायची? बेंगळूरवाले आणि गोवावाले दोघांनाही प्रश्न

खानापूर स्टॉपर

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगाव भागात एकाच गल्लीत बेंगळूरवाले आणि गोवावाले, म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग) फुटबॉलमधल्या बेंगळूर एफसी आणि एफसी गोवाचे चाहते, शेजारी शेजारी असतात, म्हणून प्रश्न दोघांनाही. टीम दोन मॅच जिंकते, तिसरीत तीन गोल खाते, चौथी ड्रॉ. दर आठवड्याला प्ले-ऑफचं, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीचं, गणित मांडायचं आणि पुढच्या आठवड्याला पुसायचं.

बेंगळूरचेच हंगाम बघा. २०२२-२३ ला पहिल्या १२ मॅचमध्ये ३ विजय, १ ड्रॉ, ८ पराभव. मग उरलेल्या आठच्या आठ जिंकल्या आणि टीम गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर फायनल खेळली. २०२३-२४ ला दहावा नंबर. २०२४-२५ ला सुरुवात अशी की पहिल्या सहा मॅचमध्ये १६ पॉइंट, त्यातल्या पहिल्या पाचांत एकही गोल खाल्ला नाही. मग फातोर्ड्याला गोव्याकडून ०-३, आणि त्या मॅचपासून लीग संपेपर्यंत १८ मॅचमध्ये फक्त २२ पॉइंट. तरीही फायनल गाठलीच.

तर तीन मॅच लागोपाठ हरल्यावर टीम खरंच बिघडली, की नुसता वाईट पट्टा चाललाय, हे ओळखायचं कसं? टेबल किती मॅचनंतर खरं मानायचं? आणि शेवटच्या मॅचचं तिकीट, रजा, गाडी ठरवायला कुठला आकडा धरायचा? वहीत मांडता येईल असं सांगा.

टिळकवाडी सहा नंबर

आधी एक रेघ ठरवून घ्या, म्हणजे दर मॅचला मन हलत नाही. आयएसएलमध्ये २०२२-२३ ते २०२४-२५ या हंगामांत सहा टीम प्ले-ऑफला गेल्या. सहाव्या नंबरच्या टीमचे पॉइंट बघा: २०२२-२३ ला ओडिशा ३० (२० मॅच), २०२३-२४ ला चेन्नईयिन २७ (२२ मॅच), २०२४-२५ ला मुंबई ३६ (२४ मॅच). मॅचमागे काढलं तर १.५०, १.२३, १.५०. म्हणून रेघ दीडची. एकूण पॉइंटवर जाऊ नका, कारण मॅचची संख्या दरवर्षी बदलते, आणि हंगामाच्या मध्यावर कुणाच्या १२ झालेल्या असतात तर कुणाच्या १४. मॅचमागची सरासरी काढली की हा घोळच राहत नाही.

आता पट्ट्याचं. मधल्या फळीतली एक टीम घ्या, जिची दर मॅचला जिंकायची शक्यता ४० टक्के, ड्रॉची २५, हरायची ३५. तिची सरासरी १.४५ पडते, म्हणजे रेघेच्या अगदी कडेला. अशा टीमच्या कुठल्याही चार मॅच उचलल्या, तर चारांत एकही विजय नसण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे १३ टक्के. आठातून एकदा. २४ मॅचच्या हंगामात असा पट्टा एकदा तरी येणं साहजिकच आहे, त्यासाठी टीम बिघडावी लागत नाही. त्याच टीमला चार मॅचमध्ये ३ पॉइंट मिळाले काय आणि ८ मिळाले काय, दोन्ही नेहमीच्या चढउतारात बसतं. म्हणून चार मॅचवरून कोचला घालवा म्हणणंही चूक आणि कप आपलाच म्हणणंही चूक.

उलट बाजूनंही बघा. तीच ४० टक्केवाली टीम ठरावीक आठ मॅच सलग जिंकेल, ही शक्यता दीड हजारात एक. ६० टक्केवाली असेल तर साठात एक. म्हणून २०२२-२३ चे ते आठ विजय मी नुसतं नशीब मानत नाही, टीमच बदलली होती. शिवशक्ती नारायणन पहिल्या अकरात आला, रॉय कृष्णाबरोबर त्याची जोडी जमली, आणि सुनील छेत्री बऱ्याच मॅचला बाकावरून येऊ लागला. शिवशक्ती त्या हंगामातला उदयोन्मुख खेळाडू ठरला. असा बदल नावानिशी दाखवता येत असेल तरच मागचे आकडे बाजूला ठेवून नव्यानं मोजा. 'आता पोरं पेटलीत' एवढ्यावर नको.

गणितानं त्या वेळी काय सांगितलं असतं? १२ मॅचमध्ये १० पॉइंट, ३० ला जायला ८ मॅचमध्ये २० हवेत. मॅचमागे अडीच. आस फार बारीक होती, हे मान्य करायला हवं.

कॅम्प गोलकीपर

रेघेची कल्पना बरोबर, पण एक दुरुस्ती. सहाव्याचे पॉइंट ही गरज नव्हे. सातव्यापेक्षा एक जास्त असला की झालं. २०२२-२३ ला सातवा गोवा २७ वर होता, म्हणजे २८ पुरले असते. २०२३-२४ ला नॉर्थईस्ट २६, तिथं २७ लागलेच. २०२४-२५ ला ओडिशा ३३, म्हणजे ३४. मॅचमागे १.४०, १.२३, १.४२. दीड म्हणजे निर्धास्त, १.४ म्हणजे धाकधूक, १.२ म्हणजे दुसऱ्यांच्या निकालाकडं डोळे. बेंगळूरला तेव्हा ८ मॅचमध्ये २० नव्हे, १८ पुरत होते. सहा विजय. कठीणच, पण अडीचच्या सरासरीपेक्षा जरा हाताशी.

दुसरं, पॉइंट सारखे झाले की आपल्याकडं बहुतेक जण गोल डिफरन्स बघतात, कारण टीव्हीवर प्रीमियर लीग बघून तीच सवय. आयएसएलला आधी हेड-टू-हेड, म्हणजे त्या दोघांच्या आपसातल्या मॅचचे निकाल. २०१८-१९ ला बेंगळूर आणि गोवा दोघेही ३४ वर. गोल डिफरन्स गोव्याचा बराच चांगला, तरी पहिला नंबर बेंगळूरचा, कारण दोन्ही मॅच बेंगळूरनं जिंकल्या होत्या, फातोर्ड्याला २-१ आणि बेंगळूरच्या कंठीरवा मैदानावर ३-०. फायनलही त्याच दोघांत झाली आणि राहुल भेकेच्या एका हेडरवर बेंगळूरनं जिंकली. म्हणून वहीत प्रत्येक जवळच्या टीमपुढं एक खूण करा: हेड-टू-हेड आपल्याकडं, त्यांच्याकडं, की अजून मॅच बाकी. ही खूण म्हणजे अर्धा पॉइंट हातात असल्यासारखीच.

निपाणी लेफ्ट विंग

पॉइंट झालेलं सांगतात, पुढचं सांगायला संधी मोजाव्या लागतात. एक्सजीचे (प्रत्येक शॉटला गोल व्हायची शक्यता किती, याचे) आकडे मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर वहीवरही जमतं. दर मॅचला चार रकाने: आपले बॉक्समधून मारलेले शॉट, त्यांचे बॉक्समधून मारलेले शॉट, गोल कशातून आला (चालत्या खेळातून, कॉर्नर किंवा फ्री किकवर, पेनल्टीवर), आणि पहिल्या अकरातलं कोण नव्हतं. बॉक्सबाहेरून मारलेले शॉट वेगळे ठेवा. बाहेरून शंभर मारले तर तीन-चार आत जातात. पेनल्टी शंभरातल्या पंचाहत्तर ते ऐंशी जातात. हे सगळे 'शॉट' म्हणून एकाच ठिकाणी मोजले की वहीच फसवते. टीम २० शॉट मारून हरली असं लोक हळहळून सांगतात, आणि त्यातले १४ लांबून मारलेले असतात.

हेडरही सावध मोजा. त्याच अंतरावरून पायानं मारलेल्यापेक्षा हेडर कमी वेळा आत जातो. एकट्या गोलकीपरसमोर पोचलेला फॉरवर्ड वेगळ्या खुणेनं लिहा, ती खरी मोठी संधी.

मग दर चार मॅचनंतर बेरीज. टीम हरतेय पण बॉक्समधले शॉट समोरच्यापेक्षा जास्त आहेत, तर आस सोडायची नाही. गोल उशिरा का होईना येतात. टीम जिंकतेय पण बॉक्समधले शॉट कमी आणि निम्मे गोल पेनल्टी नाहीतर समोरच्याच्या चुकीवर, तर तिथं खरं जपून राहायचं. माझ्या मते जिंकतानाच वही जास्त नीट लिहावी, हरताना सगळेच लिहितात.

निकाल वाचताना कुणाला काय हवं होतं तेही लिहा. २०२५ च्या ११ मार्चला मुंबईनं कंठीरवाला येऊन बेंगळूरला २-० नं हरवलं. मुंबईला प्ले-ऑफसाठी पॉइंट हवाच होता, बेंगळूरचं आधीच पक्कं होतं. २९ मार्चला त्याच मैदानावर, त्याच दोन टीम, नॉक-आउट: बेंगळूर ५-०. पहिली मॅच बघून ज्यांनी आस सोडली त्यांनी स्कोअर वाचला, परिस्थिती वाचली नाही.

चौथा रकाना लोक गाळतात, पण अचानक घसरण बहुतेक वेळा तिथंच सापडते. चार यलो कार्ड झाले की एक मॅच बाहेर. मैदानावर एका वेळी चारच परदेशी, त्यामुळं परदेशी स्टॉपर जखमी झाला तर नुसता एक खेळाडू बदलत नाही, पुढच्या फळीतली वाटणीही बदलते. मधल्या फळीतला डिफेन्सिव्ह माणूस नसला तर गोल कुठून येतात बघा: बॉक्सच्या तोंडाशी, क्लिअर केलेला चेंडू पुन्हा समोरच्याच्याच पायात. असे दोन गोल एकाच महिन्यात दिसले तर दोष गोलकीपरला देण्याआधी त्या जागेवर कोण खेळलं ते बघा.

खानापूर स्टॉपर

फार उपयोगी, आभार. मांडून बघतो. समजा २४ मॅचच्या हंगामात १५ मॅच झाल्या, १९ पॉइंट. सरासरी १.२७. ३४ ला पोचायला ९ मॅचमध्ये १५ हवेत, म्हणजे १.६७. सध्याच्या चालीनं ११-१२ च मिळणार. मग इथं पाणी सोडायचं का?

टिळकवाडी सहा नंबर

नाही सोडायचं. तुम्ही १.२७ हीच टीमची खरी ताकद धरलीत. १५ मॅचचा आकडाही बराच हलतो. निपाणीवाल्यांच्या वहीत बॉक्समधले शॉट बरोबरीचे असतील तर ताकद १.४५ धरा. मग ९ मॅचमध्ये साधारण १३ अपेक्षित, आणि चढउतार चारेक पॉइंटचा, म्हणजे ९ ते १७ मधलं काहीही. १५ त्यात बसतात. शक्यता तीनात एक. शॉटमध्येही टीम मागं असेल तर मात्र ती पाचात एकपर्यंत खाली येते.

त्या ९ मॅच कुणाशी, हे आता लिहा. घरच्या किती, बाहेरच्या किती, आणि रेघेजवळच्या टीमशी किती. रेघेजवळच्या टीमला हरवलं की आपले तीन वाढतात आणि त्यांचे तीन बुडतात, वर हेड-टू-हेडची खूण. २०२३ च्या २३ फेब्रुवारीला हेच झालं. गोवा कंठीरवाला आला तेव्हा २७ वर होता, जिंकता तर ३० होऊन आत जायची वाट उघडत होती. बेंगळूरनं ३-१ नं हरवलं, आणि ओडिशा घरबसल्या आत गेला.

अनमोड मार्गे

तिकीट आणि गाडीचं कुणी बोललं नाही, ते मी लिहितो. ठरवायचा दिवस एकच ठेवा: आठ मॅच उरल्या तेव्हा. त्या दिवशी लागणारी सरासरी दोनच्या आत असेल तर शेवटच्या घरच्या मॅचची तयारी ठेवा, दोनच्या वर असेल तर जवळची एखादी मॅच बघून या आणि शेवटचं नंतर बघू म्हणा.

बेंगळूरला रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बरी, पण रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सुटतं आणि तेव्हा टेबलाचा काहीच भरवसा नसतो. सोय अशी की लीगच्या तारखांचं तिकीट आधी काढा, नॉक-आउटसाठी थांबा. नॉक-आउट कुठल्या मैदानावर ते लीग संपल्याशिवाय कळत नाही. परतीची गाडी त्याच रात्रीची धरू नका. एक्स्ट्रा टाइम म्हणजे ३० मिनिटं, मधली थांबणूक, मग पेनल्टी. साडेसातची मॅच सव्वादहाच्या पुढं सहज जाते.

फातोर्ड्याला खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोलें, फोंडा, किंवा जांबोटीवरून चोर्ला. चार तास धरून निघा, घाटात ट्रकमागं अडकलात तर तोही वेळ त्यात बसतो. दोन ड्रायव्हर असावेत, कारण परत येताना घाट मध्यरात्रीच्या आसपास लागतो.

आणि शेवटची पाच मिनिटं पार्किंगकडं पळू नका. ६ एप्रिल २०२५ ची बेंगळूर-गोवा सेमी, दुसरा लेग (दोन मॅचमधली दुसरी). पहिल्या लेगला बेंगळूर २-० पुढं. फातोर्ड्याला गोव्याकडून ४९व्या मिनिटाला बोर्हा हेर्रेराचा गोल, ८८व्या मिनिटाला सादिकूचा, एकूण २-२. गोव्याकडचं सगळं स्टेडियम उभं. ९२व्या मिनिटाला छेत्रीचा हेडर, एकूण ३-२, बेंगळूर फायनलला. चार मिनिटांत दोन्ही बाजूंची आस अदलाबदल झाली.

खानापूर स्टॉपर

आठ मॅच उरल्याची तारीख कॅलेंडरवर लाल केली. वहीत पाचवा रकानाही घातला, 'त्यांना काय हवं होतं' म्हणून. निपाणीकर, एक विचारायचं राहिलं: कॉर्नरवरचा हेडर गोलकीपरनं अडवला आणि रिबाउंडवर पुन्हा मारला, तर एक शॉट की दोन?

निपाणी लेफ्ट विंग

शॉट दोन लिहा, पण संधी एकच. दोघांना कंसात बांधा. नाहीतर एका गर्दीतल्या धडपडीत टीमचे चार शॉट वाढतात आणि त्या मॅचची बेरीज फुगते.