मदत हवी आहे: आखाजीला नणंदांना घरचा साबण, मलम आणि उटणं द्यायचंय, पण उन्हात टिकेल असं

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. परवा रंगपंचमी झाली, म्हणजे आखाजीला जेमतेम सहा आठवडे उरलेत. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा या सणाची ओढ जास्त. निंबाला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. माझ्या चारही नणंदा येणार आहेत. एक पारोळ्याहून, एक शिरपूरहून, दोघी सुरतेहून. चौघींना साडीबरोबर माझ्या हातचं काही द्यायचंय.

मागच्या वर्षी मी मलमाच्या डब्या दिल्या होत्या. १० ग्रॅम मधमाशीचं मेण, ९० ग्रॅम खोबरेल. फेब्रुवारीत केलं तेव्हा दगडासारखं घट्ट झालेलं. आखाजीच्या सुमारास आमच्याकडे पारा ४३-४४ च्या घरात. पारोळ्याच्या ताई एसटीने घरी गेल्या, पिशवीतली डबी पातळ होऊन सांडली आणि नव्या साडीच्या काठाला तेलाचा ओघळ गेला. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दिवाळीला त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं. कापूस वेचून त्यांची बोटं नखांच्या कडेने उकललेली होती, बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली. आणि देवळीत एका जुन्या शेंदराच्या डबीत ते उरलेलं मलम निपटून ठेवलेलं. रात्री बोटाच्या टोकावर तांदळाएवढं घेऊन एकेका चिरेत भरत होत्या. म्हणाल्या, "यंदा साडी नको आणू वहिनी, हेच थोडं जास्त कर." त्यामुळे या वेळी मला ते नीट जमायलाच हवं.

माझे प्रश्न असे.

मलम ४४ अंशांतही डबीत बसून राहील, पण बोटाने सहज निघेल, असं प्रमाण काय? खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे माझं कुठे चुकलं ते आता कळलंय. त्याऐवजी काय घ्यावं?

दुसरं, साबण. एकदा प्रयत्न केला होता आणि घाबरून सोडला. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायला ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. सूं सूं आवाज करत फेस वर आला, पातेलं काळं पडलं, नाकात झणका गेला. मागच्या दारी उचलून नेलं आणि मुलांना दिवसभर तिकडे जाऊ दिलं नाही. या वेळी स्टीलचं भांडं, हातमोजे, चष्मा सगळं आणलंय. हिशेब असा केलाय: खोबरेल १५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३००, एरंडेल ५०. त्याला सोडा ७१ ग्रॅम, पाणी १४२ ग्रॅम. कोणी तपासून द्याल का? आमच्या बोअरचं पाणी फार जड आहे, भांड्यावर पांढरे डाग पडतात. ते चालेल? आणि सहा आठवड्यांत साबण वापरण्याजोगा होईल ना?

तिसरं, उटणं. मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळी, वाळवलेली लिंबाची साल, बावची. गेल्या वर्षी भाचीने ते लावून दुपारभर झोका खेळला आणि संध्याकाळी तिच्या हातांवर लाल चट्टे उठले. ते उन्हाने की माझ्या उटण्याने, हे मला अजून कळलेलं नाही आणि ते मनातून जात नाही.

---

प्रतिसाद:

ताई, चट्ट्यांचं आधी सांगते, कारण ते महत्त्वाचं. बावचीत सोरालेन असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. लिंबाच्या सालीच्या तेलातही तशाच जातीची द्रव्यं असतात. उन्हाळ्याच्या उटण्यातून दोन्ही काढा. सुगंधाला वाळा आणि नागरमोथा पुरेसे आहेत. आणि डाळ आधी उन्हात कडक वाळवून मगच दळा, नाहीतर महिन्याभरात पिठाला जाळी धरते. गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर आयता कालवून देऊ नका, पाणी आलं की खराब व्हायला वेळ लागत नाही. कोरडंच द्या, ज्याने त्याने दुधात नाहीतर दह्यात कालवावं.

मलमासाठी कोकमाचं तेल घ्या. मी मूळची कोकणातली, आमच्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात आणि टाचांच्या भेगांना तेच लावतात. गोळ्याच्या रूपात मिळतं, ३८-४० अंशांच्या आसपास वितळतं. मेण साठाच्या पुढे वितळतं, म्हणून मेणाचं प्रमाण वाढवा. १०० ग्रॅमला ३० मेण, ३० कोकम तेल, ४० तिळाचं तेल करून बघा. थेट आचेवर नको, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवा.

---

प्रतिसाद:

वहिनी, साबणाचा हिशेब बरोबर आहे. खोबरेलला ग्रॅममागे ०.१८३, शेंगदाण्याला ०.१३६, एरंडेलला ०.१२८ धरलं तर ७४.६५ ग्रॅम येतो, त्यातून पाच टक्के कमी करून ७१. ते पाच टक्के तेल तसंच उरतं, त्याने कातडी कोरडी पडत नाही. पण तुमच्या जड पाण्यात शेंगदाण्याच्या साबणाला फेस येणार नाही. खोबरेल २०० करा, शेंगदाणा २५०, एरंडेल ५० तसंच. मग सोडा ७३ ग्रॅम, पाणी १४६. बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणा. सोडा शुद्ध आणि बंद डब्यातला घ्या, नाली साफ करायची भेसळ पावडर नव्हे. आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. पातेल्याचं म्हणाल तर ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक मिळून हायड्रोजन वायू निघतो, तुम्ही बाहेर नेलंत ते फार बरं केलंत. साबण चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत ठेवायचा, तेव्हा याच आठवड्यात करा.

बाकी साबण अमळनेरला काही नवा नाही. १९४५ साली विप्रोची स्थापना झाली, तुमच्याच गावात त्यांची वनस्पती तुपाची गिरणी होती आणि तेलाच्या जोडीने तिथे कपड्याचा साबणही निघायचा.

---

धागालेखिका, बारा दिवसांनी:

दोघांचेही मनापासून आभार. साबण त्याच रविवारी केला. मोडीतल्या लाकडी खोक्यात कागद घालून ओतला, दुसऱ्या दिवशी सुरी गरम करून वड्या पाडल्या. आता माळ्यावर बांबूच्या चाळणीत एकमेकींना न टेकवता अकरा वड्या मांडल्यात, दर दोन दिवसांनी उलटवते. पहिल्या दिवशी हिरवट पिवळा रंग होता, आता हस्तिदंतासारखा होत चाललाय.

मलम तीनदा केलं. ३० मेणाचं फार टणक निघालं, नख लागेना. २५ मेण, ३० कोकम तेल, ४५ तिळाचं तेल असं केलं ते बरं जमलं. डबी भर दुपारी पत्र्यावर दोन तास ठेवली, वरून चकाकली, कडेने मऊ झाली, पण वाहिली नाही. आजेसासूबाईंना हातावर लावायला दिलं तर मलाच म्हणाल्या, "आंगले लावानं शे तं पहिले सोताना आंगले लाई देख." म्हणून सगळ्यांच्या आधी मीच कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघितलं. खाज नाही, लाली नाही. उटणंही तसंच लावून बघितलं, बावची आणि लिंबाची साल काढून. भाचीसाठी वेगळी पुडी बांधलीय, त्यात फक्त मसूर, वाळा आणि गुलाब.

आता एकच अडलंय. मेण संपत आलं आणि इथल्या दुकानात "मेण" म्हटलं की मेणबत्तीचं देतात, ते पॅराफिन. सातपुड्यात मध काढणाऱ्यांकडून मधमाशीचं मेण मिळतं असं ऐकलंय. चोपडा, यावल किंवा शहाद्याकडच्या कोणाला माहीत असेल तर सांगा, अर्धा किलो पुरे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. पारोळ्याच्या ताईंना यंदा दोन डब्या द्यायच्या आहेत, एक घरची आणि एक शेतात न्यायची.