आईंना एकटं सोडता येत नाही, म्हणून हा मेसेज

ए-२०३ : नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण वाचा. काल संध्याकाळी आमच्या सासूबाई गेटबाहेर गेल्या. मी पोळ्या लाटत होते, कुकर झाला म्हणून गॅस बंद केला, वळून बघते तर दार सताड उघडं. वॉचमनदादांनी अडवलं म्हणून बरं, नाहीतर त्या मेहरूण तलावाच्या रस्त्याला लागल्याच होत्या. काखेत गाठोडं. त्यात एक लुगडं, चष्म्याची रिकामी डबी आणि फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या. "माले घर जानं शे," एवढंच म्हणत होत्या. घर म्हणजे पारोळ्याकडचं माहेर. तिथं आता कुणी राहत नाही.

डिमेन्शियाचं, म्हणजे विसरण्याच्या आजाराचं, निदान होऊन तीन वर्षं झाली. दिवसा बऱ्या असतात, शेंगा फोडायला दिल्या की तासभर रमतात. दिवेलागणीला मात्र घालमेल सुरू होते. ह्यांची नोकरी भुसावळला, घरी यायला रात्रीचे आठ. मुलगी पुण्याला. गेल्या दीड वर्षात मी सलग दोन तास घराबाहेर पडलेले नाही. दाताची कॅप निघून चार महिने झाले, अजून तशीच आहे.

विचारायचं एवढंच, की अशा माणसांसाठी आपल्याकडे काय सोय आहे? आणि सांभाळणाऱ्यासाठी काही आहे का?

बी-१०१ : अगं, खालून आवाज आला तेव्हा मला वाटलं दूधवाला आहे. हाक का नाही मारलीस मला?

सी-३०२ : वहिनी, राग मानू नका. एखादा चांगला वृद्धाश्रम बघायचा का? तुमची तब्येतही महत्त्वाची आहे.

ए-२०३ : राग नाही भाऊ. दोन ठिकाणी विचारून झालं. दोन्हीकडे आपलं आपण करणारी माणसं हवीत, विसरणारं माणूस नको. आणि माझंही मन होत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात ह्याच बाईनं सव्वा महिना माझ्या हाती पाण्याचा तांब्या लागू दिला नव्हता.

बी-४०१ : सूनबाई, मी नाना. तहसीलमध्ये जन्म गेला माझा, म्हणून जे पक्कं ठाऊक आहे ते सांगतो.

पहिला नंबर लिहून घे, १४५६७. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन म्हणतात. सकाळी ८ ते रात्री ८, फोन फुकट. कुठल्या योजनेला कुठं अर्ज करायचा, वृद्धाश्रम, पेन्शन, कायदा, सगळं विचारता येतं. कुणी म्हाताऱ्या माणसाला छळत असेल, टाकून दिलं असेल, तरी हाच नंबर.

दुसरं, आईंची सत्तरी उलटलीय ना? मग आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधारवर केवायसी होते. घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते, हे ध्यानात ठेव. आणि ते दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येतं. रोजच्या गोळ्या, घरी ठेवलेली बाई, यातलं काही त्यात बसत नाही.

खरी अडचण तिथंच आहे. म्हाताऱ्या माणसासाठी सरकारनं पुष्कळ केलंय. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, २०२२ पासून. पोरांनी सांभाळलं नाही तर २००७ च्या कायद्यानं प्रांतसाहेबांपुढं अर्ज करता येतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. पण सांभाळणाऱ्या बाईला दोन तास उसंत द्यायची, अशी खिडकी मी उभ्या नोकरीत कुठल्याच कचेरीत पाहिली नाही.

सी-३०२ : नाना, बँकेचं काय? माझ्या वडिलांना हयातीच्या दाखल्यासाठी खुर्चीवर बसवून पायऱ्या चढवून न्यावं लागलं होतं. "समक्ष या" एवढंच ऐकवलं त्यांनी.

बी-४०१ : अरे, ७० वर्षांवरच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय. हयातीचा दाखला घरून घेणंही त्यात आहे. पुढच्या वेळी लेखी अर्ज देऊन पोच घे. नाहीतर मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो आता, पोस्टमनही घरी येऊन काढून देतो.

डी-१०४ : मी सिस्टर बोलतेय. वहिनी, एक विचारायचंय. हा गोंधळ हळूहळू वाढला की गेल्या चार-आठ दिवसांत एकदम?

ए-२०३ : एकदमच म्हणावं लागेल. आधी संध्याकाळी नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. दार उघडून बाहेर पडणं ह्याच आठवड्यातलं.

डी-१०४ : मग उद्याच लघवीची तपासणी आणि रक्तातलं सोडियम करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की ताप येतोच असं नाही, नुसती बुद्धी भरकटते. घरचे समजतात आजार वाढला. त्यात आपल्या जळगावचं ऊन. पारा ४४ वर जातो आणि ही माणसं तहान लागली तरी सांगत नाहीत. पाणी विचारू नका, हातात द्या. ताक, पन्हं, खरबुजाच्या फोडी, जे घेतील ते.

दाराला वरच्या बाजूला कडी लावा, डोळ्यांच्या रेषेत नको. पण घरात कुणी असतानाच लावायची, एकटं कोंडून जायचं नाही. पोलक्याच्या आतून फोन नंबर शिवून टाका. दिवस कलायच्या आत घरातले दिवे लावा. आणि "तुमचं माहेर आता नाही" असं समजावत बसू नका, त्यांना ते दरवेळी नव्यानं लागतं. "जाऊ ना, आधी चहा घेऊ," एवढं म्हणा.

तुमच्यासाठीही एक नंबर, १४४१६, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. चोवीस तास, मराठीतून बोलतात. वेड लागलेल्यांनीच तिथं फोन करायचा असं नाही. रात्री तीनला डोळ्याला डोळा लागत नसेल तर लावा.

सी-३०२ : कुणाला थोडा वेळ बसायला पाठवलं तर चालेल का? नाही म्हणजे, मागं काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न येतो.

डी-१०४ : औषध द्यायचं नाही, अंघोळ घालायची नाही, नुसतं सोबत बसायचं. मी इमारतीतच असते, काही वाटलं तर वर येईन. एवढं कुणालाही जमतं.

ए-३०४ : आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची आई अशीच आहे. त्यांना काय मिळेल नाना?

बी-४०१ : पासष्टी उलटली असेल आणि वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर श्रावणबाळ योजना, म्हणजे सरकारची महिन्याची पेन्शन. उद्या त्यांना कागद घेऊन माझ्याकडे पाठव, अर्ज मी भरून देतो.

बी-१०१ : मंगळवार आणि शनिवार, साडेचार ते साडेसहा मी. अहिराणी मला येते, माझी आजी बोरकुंडची. बाकीच्यांनी आपापले वार टाका.

ए-३०४ : गुरुवार माझा.

सी-३०२ : माझी मिसेस रविवारी येईल. गेटवर नवा वॉचमन आलाय, त्याला आईंचा फोटो मी दाखवून ठेवतो.

ए-२०३ : दाताच्या डॉक्टरांची शनिवारी पाचची वेळ मिळाली.

बी-१०१ : मग मी चारलाच येते. ओल्या शेंगा आल्यात शेतातून, त्यांना सांगून ठेव.