तारीख चुकते, कारण जॉब फार लवकर सुरू होतात

जॉबकार्ड
ऑर्डरप्रमाणे मशिनिंग, फॅब्रिकेशन करणाऱ्या शॉपमध्ये डिलिव्हरी चुकली की उत्तरं ठरलेली: मशीन कमी, माणसं कमी, ओव्हरटाइम लावा. माझं मत उलटं आहे. आपण जॉब फ्लोअरवर फार लवकर सोडतो, म्हणून तारीख चुकते.

समजा, एका जॉबचं कटिंग पाऊण तास, टर्निंग दोन तास, मिलिंग तीन, ग्राइंडिंग एक. बेरीज सात तासही भरत नाही, आणि जॉब तीन आठवडे आत. बाकी वेळ तो ट्रेमध्ये पडून असतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोपा आहे: फ्लोअरवरचे जॉब भागिले रोज बाहेर पडणारे जॉब, म्हणजे एका जॉबला लागणारे सरासरी दिवस. रोज ६ निघतात आणि आत १२० आहेत, तर २० दिवस. आत ६० ठेवून तेच ६ काढले, तर १०. एकही स्पिंडल जोरात फिरवावा लागत नाही.

तेव्हा मटेरियल, शेवटच्या रिव्हिजनचं ड्रॉइंग, टूल आणि फिक्स्चर हातात आल्याशिवाय जॉबचं कार्ड (काम सुरू करायचा कागद) सोडायचं नाही. आणि ज्या मशीनवर काम तुंबतं, त्याच्यापुढे ठरावीक तासांपेक्षा जास्त ढीग होऊ द्यायचा नाही.

चकवाला
कागदावर झकास. पण आमचं तुंबणारं मशीन दर आठवड्याला बदलतं. परवा व्हीएमसी, आज वायरकट. रोज एकच माल काढणाऱ्या कारखान्याला जमेल हे. शिवाय कार्ड अडवलं की माझं लेथ रिकामं, आणि मालक दारातून विचारणार, मशीन बंद का?

जॉबकार्ड
मशीन बदलत असेल तर मशीन शोधत बसू नका. एकूण फ्लोअरवर किती तासांचं काम आहे त्यालाच मर्यादा घाला. एक बाहेर पडला की एक आत. स्पीअरमन, वुडरफ आणि हॉप यांनी १९९० मध्ये ‘कॉनविप’ नावानं हेच मांडलं. आणि ढीग या मशीनवरून त्या मशीनवर एवढा पळतो, त्यातला बराच भाग आपणच सोमवारी कार्डांचा गठ्ठा सोडतो म्हणून.

रिकाम्या मशीनबद्दल: एकच मशीन, कामं केव्हाही येणारी, वेळ कमीजास्त. रांगेच्या साध्या सूत्रानं भार ८०% असेल तर सरासरी वाट बघणं कामाच्या वेळेच्या ४ पट. ९०% ला ९ पट. ९५% ला १९ पट! मालकाला ९५% आवडतं, आणि तोच उशिरासाठी सुपरवायझरला झापतो.

चकवाला
सूत्राला सेटिंग दिसत नाही, साहेब. सॉफ्ट जॉज (चकमध्ये पीस धरणारे मऊ जबडे) एका व्यासाला बोअर करून घेतले, पहिला पीस पास झाला, की त्याच व्यासाचा पुढच्या आठवड्याचा जॉब मी मागून घेणारच. तारखेच्या क्रमानं चालायचं तर तेच जॉज दोनदा बोअर करा. हा वेळ कुणाच्या खात्यात?

जॉबकार्ड
हा मुद्दा खरा. पण सेटिंग वाचवायचं ते तुंबलेल्या मशीनवर, आणि तेही दोन-तीन दिवस मागेपुढे एवढंच. ज्या मशीनला तसाही वेळ उरतो, तिथे जास्तीची सेटिंग फुकट आहे. तिथे तुम्ही पुढचा आठवडा ओढता तेव्हा आजचा जॉब मागे पडतो आणि ग्राइंडिंगपुढे नको असलेला माल येऊन बसतो.

चलान_बुक
दोघंही आतलंच बोलताय. आमचे निम्मे दिवस बाहेर जातात. हीट ट्रीटमेंटवाला भट्टी भरेपर्यंत थांबतो, त्याला आपले चार पीस परवडत नाहीत. परत आले की वाकलेले, ग्राइंडिंगला ठेवलेलं मटेरियल अपुरं, रिवर्क. उच्च ताकदीच्या पोलादावर झिंक प्लेटिंग केलं की हायड्रोजन काढायला कित्येक तास बेक करावं लागतं, नाहीतर पार्ट ठिसूळ होऊन तडकतो. रूटिंगमध्ये (जॉबच्या टप्प्यांच्या यादीत) मात्र नुसतं ‘प्लेटिंग, १ दिवस’. कार्ड उशिरा सोडलंत तर ही भट्टी चुकणार, मग पुढच्या फेरीची वाट बघा.

जॉबकार्ड
मान्य. बाहेरच्या प्रोसेसचे जॉब त्या फेरीवरून मागे मोजून सोडायला हवेत. बाकीच्यांना मर्यादा राहू द्या.

डिस्पॅच_ताई
मर्यादेचं काही सांगू नका, अर्जंटचं सांगा. लाल स्टिकर दोन जॉबना असतो तोवर उपयोगी. निम्म्या ट्रेंवर लागला की कुणी बघतही नाही. चालू सेटिंग उतरवून एक लाल जॉब घुसवला की त्याच्या मागचे पाच सरकतात. मार्केटिंगला महिन्याला ठरावीकच स्टिकर द्या, संपले की संपले.

आणि आधी मोजायचं कशावर ते ठरवा. ग्राहकाला फोन करून तारीख पुढे ढकलायची, सिस्टिममध्ये बदलायची, मग महिनाअखेरीला ‘९५% वेळेवर’चा तक्ता लावायचा. पहिली कबूल केलेली तारीख गोठवा, तीवरच मोजा.

मार्केटिंगचा_माणूस
यायलाच हवं होतं मला. ताई, ग्राहकानंच अर्ध्यात रिव्हिजन बदलली, भोकाचा टॉलरन्स घट्ट केला, तरी जुनी तारीख धरायची? आणि स्टिकर संपले म्हणून मोठ्या ग्राहकाची लाइन थांबू द्यायची?

डिस्पॅच_ताई
रिव्हिजन आली तर नवी ऑर्डर, नवी तारीख, लेखी. तुम्ही ती लेखी मागत नाही, हेच तर म्हणतेय.

मार्केटिंगचा_माणूस
मागितली की ग्राहक म्हणतो, समोरचा शॉप न मागता करतो.

चकवाला
करतो ना. त्याचाच उशिरा आलेला जॉब आत्ता माझ्या चकमध्ये आहे, लाल स्टिकरसकट.