क्विल्टची लहरणारी कड, स्वेटरची लांबी आणि गोल घेराची दुमड: पुढे जाण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार. या महिन्यात हाती घेतलेली तीन कामे शेवटच्या टप्प्यावर येऊन थांबली आहेत, आणि तिन्ही ठिकाणी प्रश्न एकाच जातीचा आहे. टेबलावर घेतलेले माप धुतल्यावर, टांगल्यावर किंवा कड जोडल्यावर तसेच राहत नाही. हा फरक आधी कसा धरावा? प्रत्येक कामाबद्दल माझा एक अंदाज आहे. ज्यांनी ही कामे प्रत्यक्ष केली आहेत त्यांनी तो तपासून द्यावा, ही विनंती.

सर्वांत मोठी अडचण क्विल्टची, म्हणजे थर एकत्र शिवलेल्या गोधडीची आहे. ९ इंची ब्लॉक (शिवलेले चौरस) कोनावर उभे ठेवून, म्हणजे तिरप्या मांडणीत, आडवे ४ आणि उभे ५ असे जोडले आहेत. ९ इंची ब्लॉकचा कर्ण साधारण १२.७ इंच होतो, त्यामुळे वरच्या थराचे माप अंदाजे ५१ बाय ६३.५ इंच यायला हवे, आणि मध्यातून मोजले तर ते तसेच येते. दोन्ही लांब कडा मात्र ६४.५ इंच भरतात. कारण मला ठाऊक आहे. कडेच्या रिकाम्या जागा भरणारे त्रिकोण काढण्याची रूढ पद्धत अशी की, मोठा चौरस (या मापाला १४ इंची) दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण काढायचे, म्हणजे त्यांची लांब बाजू सरळ धाग्यावर (कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर) येते आणि ताणली जात नाही. माझ्या कापडावर पट्ट्या आहेत आणि त्या ब्लॉकच्या बाजूंना समांतर जायला हव्या होत्या, म्हणून लहान चौरस एकाच कर्णावर कापले. पट्ट्या सुरेख जुळल्या, पण बाहेरची संपूर्ण कड उरेप (धाग्यांना तिरपी, म्हणून ताणली जाणारी) झाली आणि इस्त्रीखाली ती थोडी थोडी वाढत गेली.

बॉर्डर अजून जोडलेली नाही. लांब पट्टी कडेला शिवत जाऊन उरलेली कापून टाकली, तर ती कडेचे वाढलेले माप घेते आणि लहरी कायमच्या बसतात, एवढे नक्की. म्हणून बॉर्डरच्या पट्ट्या मध्याच्या मापाने, ६३.५ इंच कापाव्यात, पट्टी आणि क्विल्टची कड दोन्हींवर पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करून टाचण्या लावाव्यात आणि क्विल्टची बाजू खाली ठेवून शिवावे, असा विचार आहे. यंत्राचे दाते खालचा थर किंचित जास्त पुढे ढकलतात, त्यामुळे जास्तीचा इंच शिवणीत जिरावा. त्याआधी कडेपासून एक सूत (१/८ इंच) आत साधी टीप मारून कड आवळून घेणे योग्य ठरेल का, की त्या टिपेनेच ती आणखी ताणली जाईल? टीप मारायची असल्यास टाका लांब ठेवून दोरा हाताने ओढावा का?

सुती बॅटिंग (आतला भरावाचा थर) धुतल्यावर आटते तेव्हा लहरीही जिरतात, असा सल्ला मला मिळाला आहे. तो पटत नाही. बॅटिंग साधारण ३ ते ५ टक्के आटते खरे, पण ते मध्यातही आटते आणि कडेलाही. दोहोंतला फरक तसाच राहणार. बॉर्डरमध्ये दाट क्विल्टिंग (सर्व थर एकत्र धरणारी टीप) केल्यास झोळ बसतो, हे अधिक संभवनीय वाटते. मध्यापासून बाहेर शिवत येताना हा झोळ कडेला चुणीच्या रूपाने साचतो का, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. त्रिकोण उसवून नव्याने कापणे हा उपाय मला माहीत आहे. तो शेवटचा ठेवला आहे.

दुसरे काम स्वेटरचे. तो सुपरवॉश (यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या) लोकरीचा असून गोल सुईवर खालून वर विणत आहे. नमुन्याच्या तुकड्यात धुण्यापूर्वी १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके व २८ ओळी होत्या. धुऊन आडवा वाळवल्यावर २० टाके व २६ ओळी झाल्या. रुंदीची काळजी नाही, कारण २०० टाक्यांचा घेर धुतल्यावर १०० सेंटिमीटर व्हावा, हेच हवे आहे. काखेपर्यंत ४० सेंटिमीटर लांबी हवी, म्हणजे १०४ ओळी. सुईवर मात्र त्या ३७ सेंटिमीटरच दिसतात. ओळींवर विश्वास ठेवून थांबावे, हे गणिताने बरोबर आहे. शंका दोन कारणांनी येते: तुकडा सुलट-उलट ओळींनी विणला होता आणि स्वेटर फक्त सुलट ओळींनी चालला आहे, शिवाय लहान तुकड्याला संपूर्ण स्वेटरचे वजन पेलावे लागत नाही. टाके दुसऱ्या धाग्यावर उतरवून अर्धा स्वेटर धुऊन पाहणे शहाणपणाचे ठरेल, की गोल विणीचा नवा तुकडा पुरेसा आहे?

तिसरा प्रश्न लहान आहे. रेयॉनच्या पूर्ण गोल घेराच्या स्कर्टची कमरपट्टी बसवली असून तो टांगून ठेवला आहे. सरळ धाग्याचे भाग जागेवर आहेत आणि उरेप आलेले चार भाग खाली उतरत आहेत, हे अपेक्षितच होते. उतरणे एका दिवसात थांबते, की धुतल्यावर पुन्हा सुरू होते? पुन्हा उतरत असेल तर दुमडीआधी स्कर्ट एकदा धुऊन, पुन्हा टांगून, मगच जमिनीपासूनची उंची मोजून खालची कड कापेन, कारण कापलेले कापड परत जोडता येणार नाही.