लॉजवाल्यांना टॉवेल विकायचेत, टपालाने पाठवायचं पत्र कसं लिहू?

आठ_माग
नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. आजवर सगळा माल व्यापाऱ्याकडे जायचा. तो भाव पाडतो, वर पैसे तीन-तीन महिने लटकवतो. म्हणून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या लॉजमालकांना थेट पत्र टाकावं म्हणतोय. व्हॉट्सॅप करून झालं. निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. 300 पत्रं काढायचा विचार आहे. मजकूर असा केलाय:

"आमची फर्म गेली 22 वर्षे दर्जेदार टॉवेल, चादरी, नॅपकिन यांच्या उत्पादनात अग्रेसर आहे. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय. एक वेळ सेवेची संधी द्यावी."

काय बदलू?

छापखाना_नवी_पेठ
राग मानू नका, पण यात टॉवेलच्या जागी फरसाण घातलं तरी पत्र तसंच चालेल की ओ!

मजकुराचं नंतर बघू. 300 नावं आणली कुठून? त्यातल्या किती मालकांची नावं माहीत आहेत? "मा. व्यवस्थापक" लिहिलेलं पाकीट काउंटरवरच्या पोराच्या हातात पडतं आणि त्याच्या पाठीवर तो चहाचा हिशेब मांडतो. लोक माझ्याकडे ग्लॉसी कागदासाठी घासाघीस करतात, पण यादीसाठी एक दुपार घालवत नाहीत. एसटीने पंढरपूरला जा. गच्च्यांवर काय वाळतंय ते बघा, मालकाचं नाव विचारून या. 300 जणांना एकदा लिहिण्यापेक्षा नीट निवडलेल्या 100 जणांना तीनदा लिहा. तिकिटांचा खर्च तेवढाच.

वाळवंट_पंढरपूर
माझा 22 खोल्यांचा लॉज आहे, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो. तुमची 22 वर्षं मला काय करायचीत? माझी डोकेदुखी ऐका. आषाढीत पाऊस, खोल्या फुल्ल, जाड टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो. नवा टॉवेल पहिल्या चार धुण्यांत इतका बुरा सोडतो की मशीनची जाळी भरते. रंगीत घेतला तर ब्लीचचे डाग. आणि दर वारीला दहा-बारा टॉवेल गिऱ्हाइकाच्या पिशवीतून जातात, म्हणून लई भारीही परवडत नाही. यातल्या एका जरी गोष्टीवर पत्र सुरू झालं तर मी खाली वाचेन. चादर, नॅपकिन त्यात कोंबू नका.

निवृत्त_टपाल
पाकिटात कापडाचा तुकडा घाला. गणित सोपं आहे : 10 बाय 10 सेंमीचा तुकडा 400 जीएसएमचा (चौरस मीटरला 400 ग्रॅम) असेल तर 4 ग्रॅम, ए-फोर कागद 5 ग्रॅम, पाकीट 5-6 ग्रॅम. म्हणजे 20 ग्रॅमच्या आत, साध्या 5 रुपयांच्या तिकिटात बसतं. पत्ता हाताने लिहा, पिनकोडसकट. छापील लेबल बघितलं की लोक जाहिरात समजतात. आणि ता. क. विसरू नका. पत्र वरवर चाळणारेसुद्धा ता. क. वाचतात.

आठ_माग
सगळ्यांचे आभार. पुन्हा लिहिलं, बघा :

"स. न. वि. वि. आषाढीच्या गर्दीत कालचे टॉवेल आज वाळलेले नसतात, ही अडचण तुमच्याकडेही असेल. सोबतचा तुकडा भिजवून गच्चीवर टाका, किती लवकर वाळतो ते बघा. टॉवेल 30 बाय 60 इंच, 400 जीएसएम, पांढरा, वजन साधारण 465 ग्रॅम. आधी एकच डझन घ्या. महिन्याभरात पसंत पडले नाहीत तर वापरलेले असले तरी परत घेऊ, पैसे परत देऊ.
ता. क. ऑर्डर मेअखेरपर्यंत कळवा, नंतर आमचे माग बुक असतात."

वाळवंट_पंढरपूर
आता वाचण्यासारखं झालं. पण दादा, चार इंची तुकडा कुठलाही लगेच वाळतो. मी धंदेवाला आहे, फसणार नाही. त्यापेक्षा "ब्लीचमध्ये बुडवा, सुईने लूप ओढून बघा" असं लिहा. वाळायचं पूर्ण टॉवेलवर सिद्ध करा, त्यासाठी डझन आहेच.

छापखाना_नवी_पेठ
वापरलेला माल परत, ही ओळ मधे दडवलीय. तीच वर, ठळक अक्षरात घ्या. निम्म्या पत्रांत वाळण्यापासून सुरुवात करा, निम्म्यांत ब्लीचपासून. कोपऱ्यात बारीक अ आणि ब छापा आणि फोन आला की कुठलं अक्षर आहे ते विचारा, म्हणजे कुठली सुरुवात चालते ते कळेल.

चादरीप्रमाणे सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल तर त्याचा लोगो छापू नका.

बाकी, मेनंतर माग खरंच बुक असतात का?

आठ_माग
खरं सांगू? जूनमध्ये निम्मे बंदच असतात. 😅

छापखाना_नवी_पेठ
मग काढा ते. "उशिरा कळवलंत तर विणून, धुऊन, शिवून वारीआधी पोचवायला वेळ पुरत नाही" असं लिहा. हे तरी खरं आहे ना?

आठ_माग
हे शंभर टक्के.

वाळवंट_पंढरपूर
एक पाकीट मलाही टाका, ब-वालं. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. ब्लीच घरात आहेच.